निबंधात पहिली येणारी मुलगी प्रोजेक्टला का अडकली?

पत्र आलंय देवगड तालुक्यातल्या एका मुलीचं. रत्नागिरीत रूम घेऊन टीवायबीएस्सी करतेय, विषय झूलॉजी. पत्र मोठं आहे, मी थोडक्यात देते.

"मावशी, शाळेत दहावीपर्यंत निबंधात माझाच पहिला नंबर असायचा, तालुक्यातपण बक्षीस मिळालंय. आता मार्चमध्ये आम्ही वेळासला कासवं बघायला फील्ड व्हिजिटला गेलो आणि मी जीव ओतून रिपोर्ट लिहिला. सुरुवात अशी केली की पहाटेचा समुद्र अजून झोपेत होता आणि वाळूच्या कुशीतून इवलेइवले जीव आयुष्याच्या पहिल्या प्रवासाला निघाले होते. रिपोर्ट इंग्लिशमध्ये द्यायचा होता पण मनात मराठीच होतं ते ट्रान्सलेट केलं. सरांनी पहिलं पान अख्खं लाल पेनाने काट मारून परत दिलं, बाजूला लिहिलंय, किती? कधी? कुठे? माझी एक रूममेट लॉच्या पहिल्या वर्षाला आहे, तिला आंब्याच्या बागेच्या कराराचा प्रश्न आलेला, तिने त्यावर शेतकऱ्याच्या व्यथेचा निबंध लिहिला, तिलापण शून्य. दुसरी एम.ए. हिस्ट्री करते, तिच्या पेपरवर लिहून आलंय की नुसती माहिती दिलीयस, तुझं म्हणणं काय. आम्ही तिघी रात्री बसून रडलो. प्रत्येक सबजेक्टला लिहायची पद्धत वेगळी असते तर ती कोणी शिकवत का नाही? मला खरंच लिहिता येत नाही का? एमएस्सीचा विचार सोडून देऊ का?"

बाय गो, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. एमएस्सीचा विचार सोडू नकोस. तुला लिहिता येतं. तू चुकीच्या वहीत लिहिलंस एवढंच झालंय.

वही म्हणजे काय ते सांगते. तू शाळेत असताना तुझ्या दप्तरात दोन वेगळ्या वह्या होत्या, एक निबंधाची आणि एक विज्ञानाची प्रयोगवही. प्रयोगवहीत तू कधी "लिटमस कागदाच्या गालावर लाली चढली" असं लिहिलंस का? नाही ना. तिथे उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असं खाली खाली लिहीत गेलीस, कोणी सांगायची गरजपण पडली नाही कारण बाईंनी फळ्यावरच ते मथळे लिहून दिले होते. कॉलेजात ते मथळे फळ्यावर येत नाहीत, सर नुसतं म्हणतात "रिपोर्ट सबमिट करा", आणि मग ज्या पोरीला निबंधात शाबासकी मिळालेली असते ती साहजिकच निबंधाची वही उघडते, कारण आपल्याला जे चांगलं येतं तेच माणूस पुढे करतो. त्यात तुझा दोष नाही.

मी ३१ वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली, सबमिशनच्या दिवसांत पोरं काउंटरला येऊन "मॅडम, मागच्या वर्षीचं एखादं प्रोजेक्ट दाखवा ना" म्हणायची, त्यामुळे सगळ्या डिपार्टमेंटचं बांधलेलं लिखाण माझ्या हातून गेलंय. एकाच टेबलावर केमिस्ट्रीचं जर्नल, बी.एड.चं पाठ टाचण, बीकॉमचा प्रोजेक्ट आणि मराठीच्या एम.ए.चा प्रबंध शेजारी शेजारी पडलेले बघितले की कळतं, हे चार वेगळ्या जातीचे कागद आहेत, साम्य असलंच तर बाइंडिंगचं.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही हां. ब्रिटनमध्ये २००४ ते २००७ या काळात वॉरिक, रेडिंग आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स या विद्यापीठांतल्या लोकांनी मिळून विद्यार्थ्यांनी खरंच वर्गासाठी लिहिलेले, चांगले मार्क पडलेले २,७६१ कागद गोळा केले, तीसहून जास्त विषयांतले, पहिल्या वर्षापासून मास्टर्सपर्यंतचे. त्यावर काम करून हिलरी नेसी आणि शीना गार्डनर या दोघींनी त्यांची १३ घराणी पाडली. निबंध हे त्यातलं एक घराणं, सगळ्यात मोठं, पण एकच. बाकीची १२ वेगळी, प्रयोगाचा अहवाल, केस स्टडी, समीक्षा, आधीच्या संशोधनाचा आढावा, डिझाइनचा तपशील, प्रस्ताव, कायद्यातला प्रश्न सोडवणं, स्वतःच्या अनुभवाची नोंद, तज्ज्ञ नसलेल्या माणसाला समजेल असं लिहिणं वगैरे. म्हणजे जगभरची पोरं तेरा वह्या सांभाळतायत, आणि तुझ्याकडून अपेक्षा अशी की त्या न सांगता कळाव्यात. तू विचारलंस कोणी शिकवत का नाही, मला वाटतं शिकवणाऱ्यांना स्वतःच्या विषयाची पद्धत इतकी अंगवळणी पडलेली असते की ती एक पद्धत आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही, जसं आपल्याला आपल्या बोलण्याचा हेल ऐकू येत नाही. पण तरीही शिकवायला हवी, पहिल्याच वर्षी हवी, हे माझं ठाम मत आहे.

आता तुझ्याच वेळासकडे येऊ. तुझ्या रिपोर्टचे फोटो पाठवलेस ते मी नीट वाचले. सातव्या पानावर, एकदम खाली, तू लिहिलंयस की तीन दिवसांत ४१ पिल्लं बाहेर आली आणि त्यातली ३८ सकाळी हॅचरीतली, म्हणजे अंडी जपून ठेवायच्या कुंपणातली, घरट्यावरची टोपली उचलल्यावर दिसली. अगं हे तर सोनं आहे, आणि तू ते सातव्या पानावर ठेवलंस! सर विचारतायत किती, कधी, कुठे, ते सगळं तुझ्याकडे आहेच. पहिलं पान असं होऊ शकतं बघ, "२ ते ४ मार्च या तीन दिवसांत वेळास किनाऱ्यावरच्या हॅचरीत रोज सकाळी ६.३० आणि संध्याकाळी ६ वाजता पाहणी करण्यात आली. एकूण ४१ पिल्लांची नोंद झाली, त्यापैकी ३८ सकाळच्या पाहणीत आढळली." दोन वाक्यं. वाचणाऱ्याला कळलं की तू कुठे उभी होतीस, कधी बघितलंस, काय मोजलंस, आणि उद्या दुसऱ्या कोणाला तसंच जाऊन मोजायचं असेल तर तो मोजू शकतो. सायन्सचा रिपोर्ट त्यासाठीच असतो, दुसऱ्याला तेच पुन्हा करून बघता यावं यासाठी. म्हणून तिथे समुद्र झोपेत होता का जागा हे चालत नाही, भरती होती का ओहोटी हे चालतं.

मग पुढचा भाग, चर्चा. इथे तुला डोकं चालवायचंय. ३८ सकाळीच का दिसली? कारण कासवाची पिल्लं बहुतेक वेळा रात्री वाळू थंड झाल्यावर वर येतात, म्हणजे सकाळी टोपली उचलली तेव्हा दिसली ती रात्रभरात आलेली होती. हे तू मोजलेलं नाहीस, हे आधी लोकांनी अभ्यासून ठेवलंय, म्हणून इथे संदर्भ द्यायचा. आणि वाळूच्या तापमानाचा मुद्दा घेतलास तर आणखी छान, कारण अंडी ज्या तापमानाला उबतात त्यावर पिल्लू नर होणार का मादी ते ठरतं, वाळू जास्त गरम असली तर माद्या जास्त. तू तापमान घेतलं नव्हतंस, मग सरळ लिही की घेतलं नव्हतं, पुढच्या वेळी घ्यायला हवं. स्वतःच्या कामाची मर्यादा लिहिली की मार्क जात नाहीत, उलट वाढतात, पण पोरं घाबरतात आणि ते लपवतात. आणि तीन दिवसांच्या नोंदीवरून "सिद्ध झाले" असं लिहू नकोस गो, "दिसून आले" लिही. त्या दोन शब्दांतला फरक ज्याला कळला त्याला अर्धं संशोधन कळलं.

इंग्रजीचं म्हणशील तर, तू दोन ओझी एकदम उचलतेयस. निबंधाचं मराठी आणि त्याचं इंग्रजी. आधी रूममेटला समोर बसव आणि घरी बोलतो तसं मालवणीतून सांग, खयं गेलंव, कितक्या वाजता, काय मोजलं. ती मध्येच "किती?" म्हणून विचारेल तिथे आकडा सांग. मग तेवढंच छोट्या वाक्यांत इंग्रजीत उतरव. रिपोर्टचं इंग्रजी साधंच असतं, अवघड असतं ते निबंधाचं इंग्रजी, आणि तू नेमकं तेच करायला गेलीस.

आता तुझी लॉवाली मैत्रीण. तिचा प्रश्न तू लिहिलायस तो असा, बागायतदाराने आंबा कलमांचा हंगाम व्यापाऱ्याला दिला, व्यापाऱ्याने पैसे आगाऊ दिले, अवकाळी पावसाने मोहर गेला, व्यापारी पैसे परत मागतो, तर दोघांना सल्ला द्या. आपण कोकणातली माणसं, असा प्रश्न वाचला की आपल्याला शेजारचे तात्या आठवतात, फवारणीचा खर्च आठवतो, आणि पेन आपोआप व्यथेकडे वळतं. तिचं मन चांगलं आहे म्हणून तसं झालं. पण तिला व्यथा विचारली नव्हती, सल्ला विचारला होता. उद्या तिच्या ऑफिसात तात्या येऊन बसले तर तात्यांना स्वतःची व्यथा माहिती आहे, त्यांना हे हवंय की पैसे परत द्यावे लागतील का नाही.

म्हणून त्या कागदाचा साचा वेगळा. आधी वादाचा मुद्दा एका वाक्यात, करार पार पाडणं अशक्य झालंय का. मग कायदा, भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ५६, आणि त्यावर सुप्रीम कोर्टाचा १९५४ चा सत्यव्रत घोष विरुद्ध मगनीराम बांगूर हा निकाल, ज्यात कोर्टाने सांगितलं की अशक्य म्हणजे अक्षरशः अशक्यच असायला हवं असं नाही, कराराचा पायाच गेला असेल तरी ते कलम लागू पडतं. मग तो कायदा या बागेला लावून बघायचा, आणि खरी मेहनत इथे आहे. करारात पावसाची जोखीम कोणी घेतली होती? सगळा मोहर गेला का अर्धा? आपल्याकडे अवकाळी येतो हे दोघांनाही ठाऊक होतं, मग ते गृहीत धरूनच भाव ठरला होता का? करार रद्द ठरला तर घेतलेले पैसे परत करायचं कलम ६५ आहे, ते इथे येतं का? दोन्ही बाजूंनी बोलायचं आणि मग शेवटी स्वतःचं मत, बहुधा असं होईल म्हणून. तिला सांग, तात्यांबद्दलचं जे जे तिला ठाऊक आहे ना, भाव कसा ठरतो, आगाऊ रक्कम का देतात, ते सगळं या तिसऱ्या भागात कामाला येतं. मुंबईतल्या पोराला ते माहीत नसतं. तिची माया वाया जात नाही, फक्त ती पुरावा म्हणून यायला पाहिजे.

हिस्ट्रीवालीचं दुखणं मला जवळचं आहे कारण मी स्वतः एम.ए. करताना तेच खाल्लंय. बावीस पानांचा पेपर दिला होता, तारखा सगळ्या बरोबर, आणि आमच्या बाईंनी शेवटी एकच ओळ लिहिली होती, मग काय? मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. आता कळतं त्या बरोबर होत्या, पण त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या असत्या तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

तिला म्हणावं, तीपण वेळासला जाऊ शकते. वेळास नाना फडणवीसांचं गाव, आणि शेजारी खाडीच्या तोंडावर बाणकोटचा किल्ला, जो १७५५-५६ च्या सुमारास आंग्र्यांकडून जाऊन इंग्रजांकडे आला. हे सगळं नुसतं लिहून काढलं तर ती माहिती झाली. इतिहासाचा निबंध तेव्हा सुरू होतो जेव्हा ती विचारते की एवढी मोठी मुंबई हाताशी असताना इंग्रजांना या खाडीच्या तोंडावरचा छोटा किल्ला कशाला हवा होता, आणि मग एक बाजू घेते आणि ती पुराव्याने लढवते. पुरावापण तपासून घ्यायचा. १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, उघडलं तर भरपूर मिळेल, पण ते कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, राज्य चालवणाऱ्या साहेबाने राज्य चालवायला लिहिलं, मग त्यात काय दिसणार आणि काय राहून जाणार हे तिने लिहायला हवं. कॉलेजातला निबंध म्हणतात तो हा. शाळेतल्या निबंधाशी त्याचं फक्त नाव जुळतं, आणि सगळ्यात जास्त पोरं या नावामुळेच फसतात.

बाकीचे कागद पटकन सांगते. बीकॉम-बीएमएसवाला वेळासला गेला तर तो घरगुती राहण्याजेवणाच्या सोयीची केस स्टडी करेल, हंगाम किती महिन्यांचा, खर्च किती, उरतं किती, आणि शेवटी काय करावं याची शिफारस लागतेच, नाहीतर ती केस स्टडी अर्धी. सिव्हिलवाला धूप थांबवायच्या बंधाऱ्याचं डिझाइन देईल, त्यात आकृती आणि हिशोब बोलतात, वाक्यं कमी. नर्सिंगची मुलगी पेशंटचा केअर प्लॅन लिहिते तो पुढच्या ड्युटीवरच्या सिस्टरने घाईत वाचायचा असतो, त्यामुळे तिथे एक शब्द जास्त झाला तरी अडचण. साहित्यवाले कवितेवर लिहितात तेव्हा कविता किती छान हे सांगायचं नसतं, ती कुठल्या शब्दामुळे तसं करते हे दाखवायचं असतं.

आणि एक प्रकार मात्र असा आहे जिथे तुझा झोपलेला समुद्र चालतो. अनुभवाची नोंद, रिफ्लेक्टिव्ह जर्नल म्हणतात ते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची मुलं रावेसाठी, म्हणजे शेतीच्या कामाचा अनुभव घ्यायला, गावात जाऊन राहतात, बी.एड.ची मुलं शाळेत पाठ घेतात, त्यांना अशा नोंदी ठेवाव्या लागतात, आता एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे, फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं) सगळीकडेच आल्यात तर तुलाही लागतील. तिथे "मी" म्हणायला मुभा आहे. पण तिथेही नुसतं काय वाटलं एवढं पुरत नाही, काय चुकलं आणि पुढच्या वेळी वेगळं काय करेन हे यावं लागतं. तू टोपली उचलताना हात थरथरला असं लिहिलंयस ना, ते छान आहे, पण त्या थरथरीत मोजायला चुकलीस का? हे लिहिलंस की ती नोंद झाली.

एक गोष्ट जरा कडक सांगते, कारण अशा वेळी पोरं घाबरून हा रस्ता धरतात. जुनं प्रोजेक्ट आणून नाव बदलू नका. मी एका कपाटात एकच प्रोजेक्ट तीन वर्षांत तीन नावांनी बघितलंय, तिसऱ्याच्या ऋणनिर्देशात पहिल्याच मुलाच्या आईवडिलांची नावं तशीच राहिली होती. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, प्रबंधात दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० मध्ये दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० मध्ये वर्षभर पुन्हा देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. अवतरणचिन्हात संदर्भासकट घेतलेलं आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत, म्हणजे प्रामाणिकपणे घेतलं तर भीती नाही. चॅटजीपीटीचंही तेच, त्याने तुझी ४१ पिल्लं मोजलेली नाहीत, ती तू मोजलीस.

आता करायचं काय. सरांकडे जा, पण "कसं लिहू" असं विचारू नकोस, त्यावर ते "नीट लिही" म्हणतील. विचार की सर, हा रिपोर्ट वाचून वाचणाऱ्याला काय कळायला हवं, आणि मागच्या वर्षीचा एक चांगला रिपोर्ट बघायला मिळेल का. लायब्ररीत जाऊन तसे दोनतीन काढ आणि मजकूर न वाचता नुसते मथळे आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वहीत उतरव, तासाभरात तुला सांगाडा दिसेल. तुम्ही तिघी आहात हे तर नशीबच समज. एकमेकींचं वाचा, लॉवालीने तुझं वाचून "मुद्दा काय" विचारावं, तू तिचं वाचून "किती" विचार, आणि हिस्ट्रीवालीने दोघींना "हे तुला कोणी सांगितलं" असं विचारावं.

आणि ते काट मारलेलं पहिलं पान फेकू नकोस. सरांच्या कामाचं ते नाही पण वेळासमध्ये ज्या काकूंकडे तुम्ही राहिलात, उकडीचे मोदक खाल्लेत असं लिहिलंयस, त्यांच्याकडे येणाऱ्या माणसांना टोपलीजवळ गर्दी का करायची नाही, मोबाइलचा उजेड का पाडायचा नाही हे रोज तोंडाने सांगावं लागतं म्हणालीस. त्या पानाची सुरुवात तशीच ठेव, खाली या दोनतीन गोष्टी साध्या मराठीत लिही आणि त्यांना पाठवून दे, पडवीत लावतील. तिथे समुद्राला झोपू दे खुशाल.